झोपेतला ऑक्सिजन मोजायला घड्याळ घ्यावं की अंगठी?

कोविडच्या लाटेत घराघरांत आलेला ऑक्सिमीटरचा चिमटा अजून औषधांच्या डब्यात असतोच. बसल्याजागी रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्क्यांतला आकडा बघायला तो आजही उत्तम आहे. झोपेत मात्र कूस बदलली की निसटतो, बोट निघालं की काही सेकंदांत बंद होतो, आणि बहुतेक चिमट्यांत आकडे साठवायची सोय नसते. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार), फुप्फुसांचा फायब्रोसिस (फुप्फुसं घट्ट, व्रणासारखी होणं), स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधूनमधून थांबणं) अशा आजारांत ऑक्सिजन अनेकदा झोपेतच घसरतो. म्हणून ही तुलना: एकीकडे ॲपल, गार्मिन, फिटबिट यांची मनगटी घड्याळं आणि दुसरीकडे वेल्यूची ओटूरिंग, म्हणजे बोटात घालायचा, रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर.

घड्याळाचं खरं दुखणं त्याची जागा. चिमट्यात लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो. मनगटातून तो आरपार जात नाही, त्यामुळे परत फिरलेला प्रकाश मोजावा लागतो आणि तिथे संकेत मुळातच क्षीण मिळतो. पट्टा सैल असला, हात उशीखाली दाबला गेला, सेन्सरखाली गोंदण आलं, की आकडा भरकटतो. ॲपलचं घड्याळ रात्रभर सलग मोजत नाही, हात स्थिर सापडेल तेव्हा मधूनमधून नोंद घेतं. ॲप्नियातली घसरण मिनिटभरात येऊन जाते, ती दोन नोंदींच्या फटीत सहज हरवते. (ॲपलची स्लीप ॲप्नियाची सूचना ऑक्सिजनवर चालते असा अनेकांचा समज आहे. ती मनगटाच्या बारीक हालचालींवरून येते.) गार्मिनमध्ये झोपेतलं मापन सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि बॅटरी भराभर उतरते.

फिटबिट सकाळी रात्रीची सरासरी पुढे ठेवतं, आणि लोक फसतात ते इथेच. आठ तासांच्या झोपेत ४० मिनिटं ८४ आणि उरलेली ४४० मिनिटं ९५ असं धरलं, तरी सरासरी ९४ येते. आकडा बघून माणूस निश्चिंत होतो. प्रत्यक्षात ८८ किंवा त्याखाली सलग पाच मिनिटं राहणं हीसुद्धा डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे.

ओटूरिंग ठरावीक काही सेकंदांनी नोंद घेत राहते, आणि सकाळी ॲपमध्ये ऑक्सिजन, नाडी आणि हालचाल असे तीन आलेख एकाखाली एक मिळतात. ९०च्या खाली किती वेळ गेला, ३ आणि ४ टक्क्यांच्या घसरणी ताशी किती झाल्या, हे पीडीएफमध्ये येतं. सीपॅप (ॲप्नियात झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) वापरणाऱ्यांना हीच नोंद ऑस्कर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मशीनच्या आलेखाशेजारी लावता येते. त्रासही आहेत. तिची मेमरी चार रात्रींचीच, वेळेवर फोनवर उतरवलं नाही तर जुनी रात्र पुसली जाते. सकाळी अंगठी काढून नोंद बंद होईपर्यंत थांबावं लागतं, घाई केली तर ॲपमध्ये काहीच दिसत नाही. आणि किंमत साध्या चिमट्याच्या कित्येक पट.

अंगठी अंगठ्यात किंवा तर्जनीत घालावी. घट्ट केली तर रक्तप्रवाह दबून आकडा खोटा पडतो, सैल राहिली तर आलेख तुटतो. आकडा कमी झाला की ती थरथरते, पण पहिल्या तीन रात्री ही सूचना बंदच ठेवा. झोपमोड झाली की श्वास पूर्ववत होतो आणि खरी नोंद मिळत नाही. ज्यांचा नेहमीचा आकडाच ९०च्या आसपास आहे, त्यांनी मर्यादा ९० ठेवली तर रात्रभर बोट थरथरत राहील.

आलेख वाचताना नाडीची रेघ सोबत बघा. खरी घसरण उताराने खाली येते, झपकन वर चढते आणि त्याच सुमारास नाडी उसळते. (बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही उसळी दबलेली असते.) रेघ एकदम सरळ ७०वर कोसळली, तशीच वर आली आणि हालचालीच्या आलेखातही तिथेच टोक असेल, तर बहुधा अंगठी सरकली. करवतीच्या दात्यांसारखा आलेख ॲप्नियाकडे बोट दाखवतो, तर पहाटेच्या सुमारास लांबवर खाली बसलेली रेघ फुप्फुसाच्या जुन्या आजारात दिसते.

काही आजारांत मात्र दोन्ही साधनं कमी पडतात. ॲनिमियात आकडा ९८ येईल, पण हिमोग्लोबिनच कमी असल्याने शरीराला ऑक्सिजन पुरत नसेल. डॅप्सोन (कुष्ठरोगात आणि काही त्वचारोगांत देतात ते औषध) घेणाऱ्यांत मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, वाढलं तर आकडा ८५च्या आसपास अडकून बसतो. सिकलसेलमध्ये, म्हणजे गडचिरोली-नंदुरबारकडे ज्याचे रुग्ण बरेच आहेत त्या आजारात, आकड्यावर एकट्याने विसंबू नये. रेनॉडमुळे (थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळण्याचा त्रास) बोटं गार पडत असतील तर रात्री हातमोजा घालून बघा. सावळ्या त्वचेवर हे सेन्सर आकडा थोडा जास्त दाखवू शकतात, हेही लक्षात असू द्या.

विकत घेतल्यावर पहिलं काम पडताळणीचं. पाच मिनिटं शांत बसा, हात कोमट ठेवा, चिमटा आणि नवं साधन एकाच हाताला लावून दोन्ही आकडे टिपा. तीन दिवस असं करा. दोन टक्क्यांचा फरक चालतो. फरक रोज वेगळाच येत असेल तर ते साधन परत करा.

घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) असणाऱ्यांनी एक पथ्य कडक पाळावं: घड्याळात किंवा अंगठीत आकडा कमी दिसला म्हणून आपल्या मनाने ऑक्सिजनचे लिटर वाढवायचे नाहीत. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या सीओपीडीत डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ राखतात. जास्त ऑक्सिजनने तिथे माणूस गुंगीत जातो.

सहज कल बघायचा असेल तर हातातलं घड्याळ पुरे, त्यासाठी नवं घेऊ नका. निदान झालेला आजार असेल, किंवा घोरणं आणि सकाळची डोकेदुखी एकत्र असेल, तर पैसे अंगठीत घाला. छातीच्या डॉक्टरांकडे जाताना तीन रात्रींची पीडीएफ न्या आणि प्रत्येकीवर लिहा: झोपायची वेळ, ऑक्सिजन चालू होता का, किती लिटरवर, आणि त्या रात्री झोपेची गोळी किंवा दारू घेतली होती का.