भर वस्तीतली जुनी इमारत: मूळ रूपात आणायची, नव्या कामाला लावायची, की नुसती दर्शनी भिंत ठेवायची?

शहराच्या ऐन मध्यात शंभर-सव्वाशे वर्षांची इमारत ताब्यात आली की वास्तुविशारद साधारण तीन पर्याय समोर ठेवतात. ती मूळ रूपात परत आणायची. आहे तो सांगाडा राखून नव्या कामाला लावायची. किंवा रस्त्याकडची भिंत तेवढी ठेवून मागे सगळं नवं बांधायचं. कागदोपत्री तिन्हींना 'जतन'च म्हणतात, पण काम संपल्यावर जुनं किती उरतं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मूळ रूप, पण कुठलं?

अशी इमारत सहसा एकदाच बांधून झालेली नसते. मागाहून कुणी मजला चढवतं, कुणी तळमजल्यावर दुकानांसाठी मोठ्या काचा बसवतं, कुणी छताची नक्षी फॉल्स सीलिंगखाली दडवतं. यातलं 'मूळ' कोणतं? हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा वास्तुविशारद व्हियोले-ल-ड्युक म्हणत असे, की इमारतीला अशा पूर्णत्वाला न्यावं जे कदाचित कधी अस्तित्वातच नव्हतं. या विचाराला वैतागून विल्यम मॉरिसने 1877 मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. तिचा आग्रह होता की नवं रूप देऊ नका, डागडुजी करत राहा. जुन्या वास्तूंच्या जतनाचे नियम सांगणाऱ्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने मधली रेघ ओढली: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनरुज्जीवन थांबलं पाहिजे.

म्हणून हा पर्याय पुराव्यावर उभा राहतो. जुने नकाशे, परवानगीची कागदपत्रं, रस्त्याचे जुने फोटो हवेत, आणि भिंतीलाही विचारावं लागतं. एखाद्या कोपऱ्यात, जिथे रंगारी घासायला कंटाळला असेल अशा जागी, रंगाची नखाएवढी खपली धारदार पात्याने काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की थरावर थर दिसतात. सगळ्यात वर ऑइल पेंट, तळाशी कधी कधी कुणाच्याही आठवणीत नसलेला रंग. एवढा पुरावा असेल तर बेधडक पुढे जा. नसेल तर तुम्ही जुन्याच्या नावाखाली नवंच बांधणार आहात. तेही कधी योग्य असतं. व्हेनिसचा संत मार्क चौकातला मनोरा 1902 मध्ये कोसळला आणि 1912 मध्ये त्याच जागी, तसाच पुन्हा उभा राहिला. पाया मात्र वाढवला. पण तो मनोरा जगाला पाठ होता. तुमची इमारत तशी असेलच असं नाही.

नव्या कामाला लावणं

पॅरिसचं ओर्से रेल्वे स्थानक 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलं. चाळीस वर्षांच्या आतच लांब पल्ल्याच्या गाड्या फलाटात मावेनाशा झाल्या, 1970 च्या सुमारास ते पाडायचीच वेळ आली होती, आणि 1986 मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. ते जमलं, कारण उंच, प्रकाशाने भरलेलं दालन संग्रहालयाला हवंच होतं. इथेच बरेच मालक चुकतात: आधी धंदा ठरवतात आणि मग इमारतीला त्यात कोंबतात. लाकडी तुळयांच्या मजल्यावर कचेऱ्या चालतील, पण पुस्तकांच्या भरगच्च मांडण्या ठेवायच्या तर आधी भाराचा हिशेब लागतो. जिना, लिफ्ट, आगीच्या वेळची दुसरी वाट, शौचालयांचे नळ, वातानुकूलनाच्या नळ्या, हे सगळं कुठून तरी न्यावंच लागतं. ते मागच्या बाजूने आणि पुढेमागे काढून टाकता येईल असं बसवा.

फायदा सरळ आहे: वापर असला की भाडं येतं, आणि भाड्यातून दरवर्षी छपराची पन्हळ साफ होते.

नुसती दर्शनी भिंत

शिकागोचं शेअर बाजार भवन, 1894 चं, ॲडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांचं, 1972 मध्ये पाडलं. प्रवेशाची कमान आणि व्यवहाराचं दालन आज तिथल्या कलासंस्थेत आहे. सुंदरच आहेत, पण ती इमारत नव्हे. भिंत जागेवर ठेवली तरी फार वेगळं होत नाही. नव्या बांधकामात मजल्यांची उंची कमी असते, म्हणून जुन्या उंच खिडकीच्या मधोमध नवा स्लॅब आडवा जातो आणि रस्त्यावरून तो दिसतोच. आगीत आतलं सगळं जळून गेलं असेल तर हा मार्ग समजू शकतो, एरवी नाही. मागचं पाडून नवं उभं राहीपर्यंत भिंत लोखंडी चौकटीने तोलून धरायचा खर्चही हलका नसतो.

तिन्हींत सारखं: चुना की सिमेंट

कोणताही पर्याय निवडा, इमारत बिघडते ती बहुतेकदा इथे. जुनी वीट मऊ आणि चुन्याचा दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यातला भराव, तिच्याहून मऊ. ओल दर्जातून बाहेर पडते. त्यावर कडक सिमेंट भरलं की ओल विटेत अडकते, क्षार आतच साकळतात, आणि काही वर्षांत दर्जा शाबूत पण विटेचा चेहरा पोपड्यासारखा सुटतो. दर्जा झिजला तर पुन्हा भरता येतो, वीट झिजली तर झिजली. वाळूचा फवारा मारून भिंत 'स्वच्छ' करण्याचंही तेच. भट्टीत भाजलेली वरची कडक साल निघून जाते. दगडाआड पोलादी सांगाडा असेल तर आधी तोच तपासा, कारण लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतो आणि आतून दगड फोडतो.

पुरावा भरपूर, इमारत सार्वजनिक आणि पैसा खात्रीचा असेल तर पहिला पर्याय घ्या. बाकी बहुतेकांसाठी दुसरा. मात्र कुठल्याही कंत्राटावर सही करण्याआधी छपराची गळती थांबवा आणि हातभर भिंतीवर चुन्याचा नमुना भरून मागा. चुना म्हणताच जो कंत्राटदार नाक मुरडेल, त्याला दर्जांचं काम देऊ नका.