मायआयडीपी: पीएच.डी. झाली, पुढे काय?

कोळंबीच्या रोगांवर पीएच.डी. करून रत्नागिरीत परतले, तर भेटेल तो विचारायचा, "मग प्राध्यापक कधी?" जागा निघतील तेव्हा ना!

अशा वेळी मायआयडीपी कामी आलं. 'सायन्स' साप्ताहिक काढणाऱ्या अमेरिकन संस्थेचं, संशोधकांना करिअर ठरवायला मदत करणारं हे संकेतस्थळ २०१२ पासून आहे, फुकट. कौशल्यं, आवडी, मूल्यं अशा प्रश्नावल्या भरायच्या. मग विज्ञानलेखन, पेटंट, धोरण, उद्योगातलं संशोधन असे मार्ग आपल्याशी किती जुळतात त्या क्रमाने लागतात. मूल्यांचा भाग सगळ्यात उपयोगी. तो भरताना लक्षात आलं की मला पगारापेक्षा रत्नागिरी जास्त हवी. (आईला हे आधीच ठाऊक होतं म्हणे.)

उणीव मोठी आहे: सगळा हिशेब अमेरिकेचा. मासळी निर्यात, एचएसीसीपी (अन्नसुरक्षेची पद्धत), एमपीडा (सागरी उत्पादनांच्या निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) यांचा पत्ताच नाही. ते सगळं मिरकरवाडा बंदरावर चार लोकांना विचारूनच कळलं. आता एका प्रक्रिया कारखान्यात निर्यातीच्या कोळंबीत अँटिबायोटिकचे अंश तपासते. सकाळी ट्रेमधून नमुना उचलायचा, दुपारपर्यंत निकाल, नाहीतर कंटेनर अडतो. प्रबंधाची कोणी एवढी वाट पाहिली नव्हती.

प्रश्नावली इंग्रजीत आहे, वेळ खाते. प्रबंध सादर करण्याच्या वर्षभर आधीच भरा. पाचपैकी साडेतीन.