तासावर घेतलेला टिलर आणि अडीच इंचांची मशागत

उरुळी कांचनजवळ आमची चार गुंठे जागा आहे. निवृत्तीनंतर तिथे घरापुरता भाजीपाला करावा, या हेतूने गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ती पॉवर टिलरने, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती खणणाऱ्या यंत्राने, तयार करून घेतली आणि त्यात माझी फसवणूक झाली. रक्कम मोठी नसली तरी फसवण्याची रीत इतकी साधी आहे की शहरातून येऊन माती करू पाहणाऱ्या कोणालाही ती सहज लागू पडेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एका रोपवाटिकेबाहेरच्या फलकावरून मी त्या गृहस्थाला फोन केला. तासाला ७०० रुपये, सात इंच खोली आणि २००० रुपये आगाऊ, असे तोंडी ठरले. तो आला तेव्हा परतीचा पाऊस थांबून जेमतेम तीन दिवस झाले होते. काळी माती पायाला चिकटत होती, पण नंतर वेळ मिळणार नाही असे सांगून त्याने काम सुरू केले. साडेसात तासांचे ५२५० रुपये झाले. आगाऊ रक्कम वजा जाता उरलेले ३२५० मी रोख दिले, आणि पावती मागितली नाही. चाळीस वर्षे कार्यालयात पावतीशिवाय कागद पुढे न सरकवणारा माणूस शेताच्या बांधावर इतका भोळा कसा होतो, हे माझे मलाच अजून उलगडलेले नाही.

संध्याकाळी जमीन रवा पसरल्यासारखी दिसत होती. आठवड्याने वाफे करून मेथी, मुळा आणि गाजर पेरले. पहिल्याच पाण्याला वाफ्यांत तळी साचली आणि दुसऱ्या दिवशीही ती पूर्ण जिरली नाहीत. मेथी उगवून पिवळी पडली, आणि दीड महिन्याने उपटलेला मुळा बोटाएवढा, खाली दोन फाटे फुटून आडवा वळलेला निघाला.

शेजारच्या मळ्यातल्या आबांना तो दाखवला. त्यांनी काही न बोलता कुंपणाजवळची लोखंडी सळई उचलली आणि वाफ्यात दाबली. ती अडीच इंचांवर अडली. चार ठिकाणी दाबून पाहिल्यावर ते म्हणाले, “साहेब, ही मशागत नाही, वरवरची हजामत आहे.”

मी त्या गृहस्थाला फोन केला तेव्हा खाली खडक लागल्याचे उत्तर मिळाले. आबांनी त्याच जागी कुदळीने फूटभर खणून दाखवले. खडक कुठेच नव्हता, फक्त ओल्या मातीवर पाती घासल्याने खाली एक गुळगुळीत, घट्ट थर तयार झाला होता. पाणी तिथेच अडत होते आणि मुळाही तिथूनच वळला होता.

खरी लबाडी मात्र माझ्याच मोबाइलमधल्या व्हिडिओत सापडली. टिलरच्या मागे खोली ठरवणारा एक दांडा असतो. तो मातीत खोल उतरवला की यंत्राला मागून अडसर होतो, ते हळू चालते आणि पाती खाली खोदतात. वर उचलला की यंत्र जमिनीवरून पुढे पळते आणि चालवणाऱ्याचे हात दुखत नाहीत. व्हिडिओत तो दांडा पार वर उचललेला होता, आणि दोन्ही बाजूंची बाहेरची पाती काढून बांधावर ठेवलेली स्पष्ट दिसत होती, त्यामुळे तीन फुटांचा पट्टा दोन फुटांहून कमी झाला होता आणि तेवढ्याच जमिनीला फेऱ्या वाढल्या होत्या. मी हिशेब मांडला. चार गुंठे म्हणजे ४३५६ चौरस फूट. तीन फुटी पट्ट्याने, मिनिटाला पन्नास फूट चालले तरी पूर्ण जागेचा एक फेरा अर्ध्या तासात होतो. वळणे, विश्रांती आणि उभे-आडवे तीन फेरे धरूनही अडीच तासांपलीकडे काम जात नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. माझ्या हाती मात्र पुरावा म्हणून फक्त मोबाइलवरून दिलेल्या २००० रुपयांची नोंद आणि तो व्हिडिओ आहे. खोलीचा करार तोंडी होता, तो सिद्ध कसा करायचा हा प्रश्न उरतोच.

जानेवारीत दुसऱ्याकडून काम करून घेताना दर गुंठ्यावर ठरवला आणि खोली कागदावर लिहून घेतली. आबांनी आधी मूठभर माती दाबून गोळा केला आणि तो हातातून खाली सोडला. तो फुटून भुगा झाला तेव्हाच वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला असे म्हणून त्यांनी यंत्र आत येऊ दिले. पहिल्या पट्ट्यानंतर मी सळई दाबली, ती सहा इंच गेली. विहिरीकडच्या कोपऱ्यात ती चारवरच अडली, तेव्हा चालवणाऱ्याने माझ्याकडे पाहिले, दांडा एक भोक खाली घेतला आणि यंत्र पुन्हा मागे वळवले.