आत्ता फिरायचं की रिटायर झाल्यावर?

नवरा म्हणतो आधी फंड भरू मग हवं तेवढं फिरू, मी म्हणते तोवर गुडघे थांबणारेत का? शेवटी परवा वैतागून दोघं वही घेऊन बसलो.

पैशात तो जिंकला. ७२ चा नियम (७२ ला व्याजदराने भागलं की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतात ते कळतं), वर्षाला ८ टक्के धरले तर ९ वर्षांत दुप्पट, म्हणजे आज ट्रिपवर उडवलेले १८ वर्षांनी चौपट झाले असते. (महागाईपण वाढते की, हे मी हळूच सुनावलं.)

तब्येतीत मात्र मी पुढे. २५०० मीटरच्या वर विरळ हवेत चढायचं, रात्रभर बसमध्ये अवघडून बसायचं, हे आत्ताच कंबर धरून होतं! शिवाय वयाबरोबर ट्रॅव्हल इन्शुरन्सचा हप्ता चढतो, आणि बीपी-शुगर असलं की अटी वेगळ्याच.

वेळ? रिटायरमेंटच. ऑफ सीझनला स्वस्तात महिनाभर एकाच ठिकाणी राहता येतं, रजेत नुसती पळापळ.

डोक्यावर कर्ज असेल किंवा सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर थांबलेलंच बरं, बाकीच्यांनी दमछाकीची ठिकाणं आत्ता उरकावीत आणि निवांत मुक्काम नंतरसाठी ठेवावेत. आम्ही पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे सगळे डोंगर आलेत.