गेम आर्टच्या वर्गात गोडो 4: वर्षभराच्या वापरानंतर

पुण्यातल्या एका डिझाइन कॉलेजात मी गेम आर्ट शिकवते आणि त्याच मुलांकडून शाळांसाठी शैक्षणिक गेम करून घेते. गेलं वर्षभर हा सगळा अभ्यासक्रम गोडो या गेम बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर (गेम इंजिनवर) चालवला.

सगळ्यात मोठा फायदा आधी सांगते. काढलेलं चित्र त्याच तासाला गेममध्ये दिसतं. क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पीएनजी सेव्ह करा, गोडोत परत या, चित्र आपोआप बदललेलं असतं. पात्राची बाह्यरेषा मागच्या झाडीत हरवतेय हे मी फळ्यावर कितीही समजावलं तरी पटत नाही. पात्र पळायला लागलं की विद्यार्थी स्वतःच मागचा थर फिका करतो. पिक्सेल आर्ट करणाऱ्यांनी मात्र टेक्स्चर फिल्टर पहिल्याच दिवशी 'निअरेस्ट' करून घ्यावा, नाहीतर कडा धूसर दिसतात.

एमआयटी लायसन्स (मुक्त वापराचा परवाना) असल्यामुळे फी नाही, दरवर्षीचं नूतनीकरण नाही. इन्स्टॉलही करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालतं. जुन्या मशीनवर कम्पॅटिबिलिटी रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवायची हलकी पद्धत) निवडला की 2डीचं काम अडत नाही. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये गेमच्या इन्स्टॉलवर आकारायची रनटाइम फी जाहीर केली आणि वर्षभराने मागे घेतली. अभ्यासक्रम एकदा मंजूर झाला की आपल्याला तो लगेच बदलता येत नाही, त्यामुळे मला गोडोच्या परवान्याची स्थिरता फार मोलाची वाटते.

आता मराठी. गोडो 3 मध्ये जोडाक्षरं नीट जुळत नव्हती, मराठी गेमसाठी ते बादच होतं. मार्च 2023 मध्ये आलेल्या 4.0 पासून हे सुटलंय. तरी एक खाच आहे. संवाद एकेक अक्षराने उमटवायचा असेल, तर 'क्षेत्र' लिहिताना आधी 'क', मग हलन्त 'क्', मग 'क्ष' असं डोळ्यांसमोर तुटत जुळत जातं. लेबल (मजकूर दाखवणारा घटक) याच्या 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेव्हिअर'मध्ये 'आफ्टर शेपिंग' निवडा, ते थांबतं. आणि फाँट प्रोजेक्टमध्येच टाका. आम्ही मोफत वापरता येणारा 'मुक्त' नावाचा फाँट वापरतो. तुमच्या मशीनवर सिस्टीमचा फाँट मदतीला येतो, पण ब्राउझरमध्ये तो मिळत नाही आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

शैक्षणिक गेमचा खरा प्रश्न इंजिनाचा नसतो. मुलं पहिल्यांदा हमखास प्रश्नमंजूषाच करून आणतात: बरोबर उत्तर दिलं की नाणं. एका गटाने पाणलोटावर तसाच गेम आणला होता. मी त्यांना प्रश्न काढून टाकायला लावले आणि फक्त डोंगरउतार ठेवायला सांगितला. आता खेळणारा सलग समतल चर खणतो, बांध घालतो आणि मग पाऊस पडतो. वरचा उतार मोकळा सोडून आधी खाली बंधारा बांधला, तर पाणी माती घेऊन येतं आणि बंधारा गाळाने भरतो. 'माथा ते पायथा' हे वाक्य गेममध्ये कुठेही लिहिलेलं नाही. सातवीतल्या मुलीने दोनदा बंधारा गमावला, तिसऱ्या वेळी कर्सर थेट डोंगरमाथ्यावर नेला. नकाशाच्या प्रत्येक चौकटीवर (टाइलवर) उताराचा आकडा ठेवायचा आणि पाणी कमी आकड्याकडे वाहवायचं, इतकं साधं हे काम होतं. गोडोची स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा जीडीस्क्रिप्ट ही पायथॉनसारखी असल्याने चित्रकलेच्या मुलांनीच ते केलं. कला इथेही कामाला आली: गाळ किती साचलाय हे पाण्याच्या रंगावरूनच कळतं, आकडा दाखवावा लागत नाही.

त्रास कुठे झाला? यूट्यूबवरचे बरेच धडे अजून गोडो 3 चे आहेत. पात्र हलवायला लागणारा 'कायनेमॅटिकबॉडी2डी' हा घटक शोधत मुलं तासभर घालवतात, 4 मध्ये त्याचं नाव 'कॅरेक्टरबॉडी2डी' झालंय. अँड्रॉइडसाठी एक्स्पोर्ट करायचं तर जावा आणि अँड्रॉइड एसडीके (अ‍ॅप बनवायची साधनं) वेगळे बसवावे लागतात, त्यासाठी वेगळा तास राखून ठेवा. शाळेच्या संगणकावर ब्राउझरमधून खेळवायचं असेल तर 4.3 किंवा पुढचीच आवृत्ती घ्या. तिथे थ्रेडशिवाय (एकाच वेळी समांतर कामं न चालवता) वेब एक्स्पोर्ट होतो, सर्व्हरने खास हेडर (सूचना) पाठवायची अट राहत नाही. मात्र कोड सी-शार्प या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत असेल तर गोडो 4 मधून वेबवर जाता येत नाही.

पालक नोकरीचं विचारतात, आणि ते रास्त आहे. मोठ्या स्टुडिओंना युनिटी किंवा अनरिअल ही इंजिनं येणारी मुलं हवी असतात, म्हणून शेवटच्या वर्षी मी अनरिअल ठेवलंय. पहिल्या दोन वर्षांसाठी मात्र मी गोडोच घेईन.