मायएसक्यूएल की पोस्टग्रेस? बिल सेव्ह झालं पण स्टॉक हललाच नाही

बिलिंग, स्टॉक, उधारी अशी एकमेकांत गुंतलेली टेबलं आहेत आणि अजून डेटाबेस ठरत नाहीये, अशांसाठी लिहितोय. मी सहा वर्षं मायएसक्यूएलवर काम केलं, आता तीन वर्षं पोस्टग्रेसवर आहे. स्पीडबद्दल बोलत नाही, दुकानाच्या बिलिंगमध्ये मला तरी फरक जाणवला नाही.

माझं मत फिरलं ते एका एररमुळे, 1205, लॉक वेट टाइमआउट, म्हणजे दुसऱ्याने धरलेली रो (टेबलातली ओळ) सुटायची वाट बघून वेळ संपणं. एका किराणा होलसेलरकडे बिल सेव्ह करताना बिल, बिलाच्या ओळी आणि स्टॉक अशी तीन टेबलं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र सेव्ह करायच्या बदलांचा गट) होती. महिनाअखेरीला स्टॉक जुळवणीचा जॉब चालायचा, तो स्टॉकच्या रो धरून बसायचा, मग काउंटरवरचं बिल स्टॉकच्या अपडेटपाशी अडकायचं आणि 50 सेकंदांनी (डिफॉल्ट तेवढंच आहे) एरर. ट्रान्झॅक्शनमध्ये एरर आला की सगळं मागे फिरतं असं मी धरून चाललो होतो. तसं नाहीये! डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडकणं), म्हणजे 1213, आला तर इनोडीबी, मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन, अख्खं ट्रान्झॅक्शन रोलबॅक करतं, म्हणजे मागे फिरवतं, पण 1205 ला फक्त ते एक स्टेटमेंट जातं, आधीचे इन्सर्ट तसेच राहतात. माझ्या कोडमध्ये स्टॉकचा एरर लॉग करून पुढे जायची सोय होती, ती चूक माझीच, पुढे कमिट झालं, म्हणजे उरलेलं कायमचं सेव्ह झालं, बिल छापलं गेलं, माल टेम्पोत चढला आणि स्टॉकमध्ये साखरेची पोती होती तेवढीच. चार दिवस गोडाऊनमध्ये उभं राहून पोती मोजली आणि एकेक बिल जुळवलं.

यावर इनोडीबी_रोलबॅक_ऑन_टाइमआउट नावाचं सेटिंग आहे, पण ते मुळात बंद असतं आणि चालू करायला सर्व्हर रीस्टार्ट लागतो. शेअर्ड होस्टिंगवर ते आपल्या हातात नसतं.

पोस्टग्रेसमध्ये एक स्टेटमेंट फसलं की ट्रान्झॅक्शन बाद. पुढे काहीही चालवा, 25पी02 हाच एरर, कमिट म्हटलंत तरी आतून रोलबॅकच होतो. सुरुवातीला फार वैताग येतो कारण स्क्रीनवर शेवटचा एरर दिसतो आणि खरं कारण लॉगमध्ये त्याच्या वर असतं, पण अर्धवट बिल मागे राहत नाही. एखादं स्टेटमेंट फसलं तरी चालणार असेल तर त्याआधी सेव्हपॉइंट टाका, म्हणजे फसल्यावर फक्त त्या खुणेपर्यंत मागे फिरता येतं. फक्त एक सांभाळा, त्या कमिटला काही ड्रायव्हर (कोड आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) एरर देत नाहीत, म्हणून एरर गिळणारा कोड इथेही काढावाच लागतो, नाहीतर स्क्रीन सेव्ह झालं म्हणेल आणि बिल नसेल.

फॉरेन की, म्हणजे बिलातली पार्टी मास्टर टेबलात असलीच पाहिजे असा नियम, तिच्या बाबतीतही मला पोस्टग्रेस बरं वाटलं. मायएसक्यूएलचा फॉरेन कीचा एरर 1452 मोडलेल्या कन्स्ट्रेंटचं (नियमाचं) नाव सांगतो, पोस्टग्रेस कुठली व्हॅल्यू सापडली नाही तेही सांगतं, म्हणजे पार्टी नंबर 417 मास्टरमध्ये नाही हे लगेच कळतं. जुना डेटा उलटसुलट क्रमानं भरायचा असेल तर की डिफरेबल करून तपासणी कमिटपर्यंत पुढे ढकलता येते. मायएसक्यूएलमध्ये लोक फॉरेन_की_चेक्स शून्य करतात, पण परत 1 केल्यावर मधल्या काळात भरलेला डेटा तपासला जात नाही, अनाथ ओळी तशाच राहतात.

डेडलॉकमध्ये डावंउजवं करण्यासारखं नाही, दोन्हीकडे उपाय तोच, स्टॉकच्या रो नेहमी आयटम आयडीच्या क्रमानं अपडेट करा आणि डेडलॉक आला तर पूर्ण ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवा.

मायएसक्यूएल वाईट आहे असं अजिबात नाही. स्वस्त होस्टिंग आणि ते सांभाळू शकणारा माणूस कुठेही मिळतो, टीम त्यावर मुरलेली असेल तर तिथेच राहा, पण 1205 आला की आधी स्वतः रोलबॅक करा, मग पुढचं. नवीन सुरुवात असेल तर मी पोस्टग्रेसच घेईन. तिथे लॉक_टाइमआउट (लॉकसाठी किती थांबायचं ते सेटिंग) डिफॉल्ट शून्य, म्हणजे मर्यादाच नाही, असं असतं, म्हणजे बिल कितीही वेळ अडकून राहू शकतं, तेवढं पहिल्याच दिवशी बदला. मी 5 सेकंद ठेवलंय, काउंटरवरचं गिऱ्हाईक तेवढं थांबतं.