निम्मी देणगी मिळकतकरातून वजा म्हणे!

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं. टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. पुढच्याच आठवड्यात आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं अदबीचं. शहराच्या सुरक्षेसाठी निधी गोळा करतोय, रस्त्यांवर कॅमेरे लावायचेत, म्हणाले. "काका, जेवढं द्याल त्याच्या निम्मे पैसे मिळकतकरात, म्हणजे घरपट्टीत, वजा. पावती जोडली की झालं."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. करांची बिलं नुकतीच वाटून झालेली. असं कधी ऐकलं नाही, असं मी म्हटलंही. त्यावर त्यानं विचारलं, "सोलर बसवलं तर सूट मिळते की नाही? माजी सैनिकांना करमाफी आहे की नाही?" दोन्ही खरं होतं. आमच्या वरच्याच मजल्यावर निवृत्त सुभेदार राहतात, त्यांच्या माफीचा अर्ज मीच भरून दिला होता. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये त्यानं तिसरी खोटी सरकवली आणि मी मान डोलावली.

मग त्यानं यादी काढली. वरती शेजारच्या सोसायटीच्या चेअरमनचं नाव, समोर 5,000. मी त्यांना चांगला ओळखतो. एक फोन केला असता तर? केला नाही. कोपऱ्यावरच्या माणसाला विचारायला कसली लाज वाटली, देव जाणे.

क्यूआर कोड स्कॅन केला तर मोबाइलवर कुठल्याशा 'ट्रेडर्स'चं नाव आलं. बोट तिथंच थांबलं होतं माझं. "खजिनदारांचं खातं आहे, सरकारी खातं उघडायला वेळ लागतो," तो म्हणाला. मी 6,000 पाठवले. पावतीवर तीन सिंहांची मुद्रा, गोल शिक्का आणि देणगीच्या सवलतीचं कलम '80 जी' ठळक छापलेलं. मिळकत क्रमांक त्यानं माझ्या बिलावरून बघून लिहिला. त्या एका आकड्यामुळे तो कागद मला अगदी सरकारी वाटला.

त्याच संध्याकाळी आमच्या अकरा घरांनी पैसे दिले. यादीत माझं नाव होतं ना!

कर भरायला महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो आणि पावती पुढे केली. खिडकीतल्या बाईंनी ती उलटसुलट पाहिली, मग माझं बिल माझ्याकडे वळवलं. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्षकर, शिक्षण कर... "काका, हे यातल्या कुठल्या रकान्यात घालू, तुम्हीच सांगा." मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

आमच्या सीएनं मग नीट सांगितलं. देणगीची सवलत असते ती आयकरात, मिळकतकराशी तिचा संबंध नाही. 1962 साली उभारलेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलेली रक्कम तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या 80 जीखाली पूर्ण वजा होत असे, पण उत्पन्नातून, करातून नव्हे. तीही जुन्या करप्रणालीतच, आणि 2,000 रुपयांवर रोख दिलं असेल तर नाहीच. मी तर नवी प्रणाली घेतलेली. म्हणजे अस्सल निधीला पैसे दिले असते तरी माझा कर रुपयानंही कमी झाला नसता.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तोवर एकोणीस दिवस उलटले होते. तक्रार नोंदवली गेली, पण खात्यात काही उरलेलं नव्हतं. लगेच केला असता तर पैसे गोठवता आले असते कदाचित. शेजारच्या चेअरमननाही गाठलं. त्यांनी कोणा तिसऱ्याचंच नाव बघून पैसे दिले होते.

बाकीच्यांनी 'जाऊ द्या' म्हटलं. तळमजल्यावरच्या आजींचे 2,000 मात्र मी माझ्या खिशातून परत केले. सूट जमा झाली असं समजून त्यांनी ते मोजून घेतले आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आला तर मला आठवणीनं सांगा हं."